चंद्राला विचारून चालायची वाट

लेकरांनो, समुद्राच्या कडेकडेने चालायचं, वाळूच्या टेकड्या बघायच्या, असं तुम्ही ठरवलंत हे फार चांगलं झालं. आपला परभणी जिल्हा समुद्रापासून लांब. तुम्ही पाहिलेली सगळ्यात मोठी वाळू गंगाखेडला गोदामाईच्या पात्रातली आणि सगळ्यात मोठं पाणी येलदरीच्या धरणाचं. त्यामुळे बेताच्या वहीत तुम्ही गाडी कुठली, मुक्काम कुठं, जेवायला काय, एवढंच लिहिलंत. ते सगळं लागतंच. पण किनाऱ्यावरची वाट दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते आणि दोनदा वर येते. गंगाखेडहून परळीला जाणारा रस्ता सकाळी होता आणि दुपारी नाही, असं कधी होत नाही. तिथं रोज होतं. म्हणून आधी तिथी ठरवायची, मग गाव, मग गाडी. भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा.

कोकणातल्या जुन्या माणसांकडे भरतीचा एक तोंडी हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणून अष्टमीला सकाळी सहाला भरती आणि संध्याकाळी सहाच्या पुढे दुसरी. एकादशीची सव्वाआठ. पौर्णिमेची, म्हणजे पंधराची, सव्वाअकरा. पौर्णिमा झाली की वद्य पक्षात पुन्हा एकापासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते. गावागावाला हा हिशेब अर्धा-पाऊण तास मागंपुढं होतो, पण होडी केव्हा पाण्यात लोटायची हे ठरवायला पिढ्यानपिढ्या तो पुरला.

आता पाऊणपटच का, निमपट का नाही? पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर चंद्रही आपल्या वाटेने थोडा पुढे सरकलेला असतो. तो पुन्हा डोक्यावर यायला पृथ्वीला आणखी पन्नासेक मिनिटं फिरावं लागतं. म्हणून चंद्र रोज उशिरा उगवतो आणि भरतीही रोज तेवढीच उशिरा येते. पक्षाच्या पंधरा तिथींत मिळून हा उशीर बारा तासांचा होतो. बारा तासांना पंधराने भागा, अठ्ठेचाळीस मिनिटं येतात. तोंडी हिशेबाला सोपं म्हणून पाऊण तास. ज्या माणसांनी हे बसवलं त्यांच्या हाती आकाश आणि पाणी एवढंच होतं, आणि त्यांचा आकडा तीन मिनिटांनी चुकला! मला याचं फार अप्रूप वाटतं.

धाकटीने विचारलं, "आबा, चंद्र एवढं पाणी ओढतो तर आपल्या येलदरीला भरती का नाही येत?" शाबास! या प्रश्नाचं उत्तर कळलं की भरती कळली. चंद्र आपल्यापासून सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर आहे. तो सगळ्या पृथ्वीला ओढतो, पण सगळीकडे सारख्या जोराने नाही. जी बाजू त्याच्या समोर असते तिथलं पाणी त्याला जवळ, म्हणून जास्त ओढलं जातं. पृथ्वीचा गाभा त्याहून कमी. पलीकडच्या बाजूचं पाणी सगळ्यात कमी. अलीकडच्या आणि पलीकडच्या टोकात पावणेतेरा हजार किलोमीटरचं अंतर आहे, आणि तेवढ्याने चंद्राच्या ओढीत साधारण ७ टक्क्यांचा फरक पडतो. भरती होते ती या फरकामुळे. समोरचं पाणी पृथ्वीच्या पुढे ओढलं जातं, तिथं फुगवटा येतो. पलीकडचं पाणी मागे राहतं, तिथंही फुगवटा येतो. पृथ्वी या दोन फुगवट्यांखालून फिरते म्हणून दिवसात दोन भरत्या. आता येलदरीचं बघा. पूर्णा नदीवरचा तो जलाशय तुम्हाला केवढा मोठा वाटला, पण त्याचं हे टोक आणि ते टोक चंद्राच्या हिशेबात एकाच जागी आहे. दोन्हीकडची ओढ सारखी, मग पाणी इकडचं तिकडे जाणार कशाला? भरतीला महासागराचा विस्तार लागतो.

सूर्यही पाणी ओढतो, पण तो फार लांब, त्यामुळे त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून कमी. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकमेकीत मिळते आणि मोठी भरती येते. तिला उधाण म्हणतात. उधाणाला पाणी जितकं वर चढतं तितकंच ओहोटीला लांब जातं. अष्टमीच्या आसपास सूर्य आणि चंद्र काटकोनात असतात, एकाची ओढ दुसऱ्याच्या आड येते आणि पाणी जेमतेम हलतं. ते भांगाचे दिवस.

आता तुमचा बेत आपण दुरुस्त करू. तुम्ही धरलेली तिथी आहे अष्टमी. अष्टमीला सकाळी सहाला भरती, म्हणजे उजाडताना वाळूचा पट्टा अरुंद. ओहोटी पुरी होणार दुपारी बाराच्या पुढे, डोक्यावर ऊन घेऊन. शिवाय भांगाचे दिवस, म्हणून पाणी आत जाणार थोडंच. आपण वद्य द्वितीया, तृतीया आणि चतुर्थी धरू. द्वितीयेची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडला भरती आणि सकाळी साडेसातच्या आगेमागे ओहोटी. तृतीयेला ती आठच्या सुमारास, चतुर्थीला पावणेनऊच्या. पौर्णिमेचं उधाण नुकतंच गेलेलं, त्यामुळे पाणी लांबवर ओसरलेलं. सकाळी चालायला रुंद ओली वाळू मिळते आणि संध्याकाळी मावळतीला पुन्हा पाणी उतरत असतं. यापेक्षा चांगल्या तिथी पंचांगात नाहीत.

महिना माघ. मे महिना नको. तेव्हा कोकणातला घाम आपल्या कोरड्या उन्हाळ्याहून जास्त थकवतो आणि महिना संपता संपता समुद्र खवळायला लागतो. माघ वद्य तृतीया म्हणजे महाशिवरात्रीच्या दहा-अकरा दिवस आधी. शाळेच्या परीक्षा लांब असतात, हवा गार असते आणि वाळू आपल्या जागी परत आलेली असते.

परत आलेली म्हणजे काय? पावसाळ्यात समुद्रकिनारा आपली वाळू गमावतो. जून ते सप्टेंबर उंच, एकामागोमाग एक येणाऱ्या लाटा किनारा खरवडतात आणि ती वाळू थोडी आत नेऊन पाण्याखाली तिचा बांध घालतात. काही ठिकाणी तर ऑगस्टमध्ये नुसते दगड उघडे पडलेले दिसतात. पाऊस सरला, समुद्र निवला की लहान, सावकाश लाटा तीच वाळू कणाकणाने वर आणून टाकतात. डिसेंबर-जानेवारीपर्यंत किनारा पुन्हा भरतो. पाण्याखालच्या त्या बांधाचाही उपयोग आहे. पावसाळ्यातल्या मोठ्या लाटा आधी त्याच्यावर फुटतात आणि मगच किनाऱ्याला येतात. समुद्र नेतो ती वाळू किनाऱ्याच्याच संरक्षणाला उभी करतो.

गाव मी ठरवलंय, केळशी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यात, भारजा नदीच्या मुखाशी. नांदेड-पनवेल गाडी परभणीवरून जाते. पनवेलला उतरून कोकण रेल्वेने खेड, खेडहून एसटीने दापोली आणि पुढे केळशी. पहिल्या दिवशी केळशीचा किनारा खाडीच्या तोंडापासून दक्षिणेला, उटंबरच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी उटंबरचा चढ गाडीने ओलांडून आडे आणि पाडले, तिथून आंजर्ले. आंजर्ल्याला वर कड्यावरचा गणपती आहे, तिथून खाली बघितलं की चाललेला किनारा दिसतो आणि दक्षिणेला हर्णैचा सुवर्णदुर्गही. तिसऱ्या दिवशी उत्तरेला मंडणगड तालुक्यातलं वेळास. सलग सगळं चालायचा हट्ट नको. मधे खाड्या आहेत, खडक आहेत, आणि आपल्याला बघत बघत जायचंय. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घरून न्या, पहिल्या दिवसाला होईल. पुढं तिथला भात आणि सोलकढी.

खिशात एक चुंबक ठेवा. आपल्या गोदावरीच्या वाळूत ते फिरवलं तर काळे कण चिकटून वर येतात, ठाऊक आहे ना? केळशीच्या वाळूतही येतील. दोन्ही ठिकाणचे कण एकाच घराण्यातले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पुन्हा पुन्हा आला आणि थरावर थर साचले. तो काळा दगड परभणीच्या शेतांखाली आहे आणि कोकणातल्या डोंगरातही आहे. आपली काळी कसदार माती त्याच दगडाची झीज. दगड झिजला की त्यातलं लोहयुक्त खनिज जड असल्यामुळे मागे राहतं, पाणी हलके कण पुढे नेतं. किनाऱ्यावर लाट परतताना वाळूवर काळ्या रेघा उमटलेल्या दिसतील, त्या या जड कणांच्या.

फरक कुठे आहे, तर समुद्राच्या वाळूत पांढरे चकचकीत तुकडे मिसळलेले असतात. ती शिंपल्यांची, शंखांची भुकटी. लिंबाचा आंबट रस त्यावर पिळा आणि भिंगातून बघा, बारीक बुडबुडे निघतील. कधीकाळी जिवंत असलेल्या प्राण्यांनी समुद्रातला चुना गोळा करून ती घरं बांधली होती.

आणि गोदामाईचं नवल तर तुम्हाला सांगितलंच पाहिजे. ती त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. पण मधे सह्याद्रीचा कणा आणि दख्खनचा उतार पूर्वेकडे. म्हणून ती पश्चिमेकडे पाठ करून निघते, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा करत आपल्या जिल्ह्यातून जाते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. भारजा, जोग या कोकणातल्या नद्या सह्याद्रीच्या पश्चिमेच्या, उगमापासून थोड्याच अंतरात समुद्रात. संत जनाबाईच्या गंगाखेडला आपण पायाखाली घेतलेली वाळू पूर्वेच्या समुद्राला जायला निघालेली आहे, हे लक्षात ठेवा. पुढं त्याचा संबंध येणार आहे.

आता चालू लागा. चालायचं ते ओल्या, घट्ट वाळूवरून. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि दुप्पट दम लागतो. ओल्या वाळूवर पाय टेकलात की खाली बघा. पायाभोवतीची वाळू एकदम फिकी, कोरडी दिसते. दाबल्यावर पाणी वर यायला हवं, ते उलट नाहीसं होतं! १८८५ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स नावाच्या शास्त्रज्ञाने याचं कारण सांगितलं. लाटेने बसवलेले कण एकमेकांच्या फटींत अगदी चपखल बसलेले असतात. पायाचा दाब आला की त्यांना सरकावं लागतं, आणि सरकायचं तर एकमेकांवर चढावं लागतं. चढले की मधल्या फटी मोठ्या होतात आणि वरचं पाणी त्या फटींत उतरतं. पाय उचललात की क्षणभराने तिथं पाणी साचतं. लाखो माणसं किनाऱ्यावर चालतात, फार थोडी खाली बघतात.

जरा पुढं गेलात की ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल, एका भोकापासून चहूकडे रांगा काढलेल्या. हे बोटाच्या पेराहून लहान खेकड्याचं काम. पाणी ओसरलं की तो बिळातून येतो, वाळू तोंडात घेतो, कणांवर चिकटलेलं शेवाळ आणि सूक्ष्म जीव खाऊन टाकतो आणि उरलेल्या स्वच्छ वाळूची गोळी करून मागे टाकतो. भरतीच्या आत जेवण उरकायचं असतं, म्हणून त्याचा हात थांबत नाही. पाणी परत आलं की सगळी नक्षी पुसली जाते आणि पुढच्या ओहोटीला तो पुन्हा नव्याने सुरू करतो. त्याच्याजवळ दबकून बसा. हललात की तो बिळात जाईल आणि तुम्ही स्थिर राहिलात तर लगेच परत येईल.

एक गोष्ट मात्र मी रागावून सांगतो. खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरायचं नाही. ओहोटीला अख्ख्या खाडीचं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर पडत असतं आणि वरून ते शांत दिसतं. नदीत पोहायला शिकलेल्या माणसाला वाटतं, मला येतं. दरवर्षी घाटावरची तरुण पोरं कोकणात बुडतात आणि पुष्कळदा कारण हेच असतं. पाण्यात जायच्या आधी गावातल्या माणसाला विचारा, तो नको म्हणाला तर नको.

आता वाळूच्या टेकड्या. भरतीची रेषा ओलांडून वर गेलं की कोरडी वाळू लागते. ती वाऱ्याची. वाऱ्याचा जोर ताशी अठरा-वीस किलोमीटरच्या पुढे गेला की बारीक कण उडायला लागतात. ते लांब उडत नाहीत. कढईत ज्वारीच्या लाह्या फुटताना उडतात तसे टुणकन वर जातात, थोडं पुढं पडतात आणि पडताना दुसऱ्या कणांना उडवतात. गुडघ्याच्या खालीच हा सगळा खेळ. पायाला बारीक टोचल्यासारखं होईल तेव्हा समजा, वाळू चाललीय.

ती चाललेली वाळू थांबवतं कोण? झाडं. सगळ्यात पुढे मर्यादवेल. तिची जाड पानं टोकाशी दुभंगलेली, फुलं जांभळट गुलाबी. खारं पाणी अंगावर उडतं, वाळू तापते, मुळांना गोडं पाणी क्वचित, तरी ती पसरत जाते. तिच्या शेजारी एक काटेरी गवत असतं. त्याला कोकणात रावणाच्या मिशा म्हणतात, आणि पाहिल्यावर तुम्हालाही ते नाव पटेल. त्याच्या बियांचा मोठा काट्यांचा गोळा सुटतो आणि वाऱ्याबरोबर किनाऱ्यावरून गडगडत जातो, वाटेत बी सांडत. अशा वेलीशी, गवताशी वारा अडखळला की त्याच्या हातची वाळू खाली पडते. ढिगारा होतो. गवत गाडलं जाऊन मरायला हवं, पण ते त्या वाळूतून पुन्हा वर डोकं काढतं आणि गाडलेल्या खोडाला नवी मुळं फुटतात. पुन्हा वाळू अडते, पुन्हा गवत वर येतं. टेकडी उंच होते ती अशी, आतून मुळांनी शिवलेली. मोठ्या वादळात लाट चढून आली तर तिचा पहिला मार ही टेकडी खाते आणि मागचं गाव वाचतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. तिथल्या माणसांना टेकडीची किंमत सांगावी लागत नाही, आपल्यासारख्या पाहुण्यांना सांगावी लागते.

केळशीची टेकडी तर साधी टेकडी नाही. खाडीच्या तोंडाशी ती चार-पाच मजली घराइतकी उंच उभी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांनी तिचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. वाळूच्या पोटात त्यांना कोळसा मिळाला, खापरं मिळाली, हाडं मिळाली आणि बहमनी काळातली नाणीही मिळाली. ज्या बहमनी सुलतानांचा अंमल आपल्या मराठवाड्यावरही होता, त्यांची नाणी समुद्रकाठच्या वाळूत! वाऱ्याने हळूहळू साचलेल्या टेकडीत हे सगळं इतकं उंच कसं गेलं? डॉ. मराठे म्हणाले, ही वाळू समुद्राने एका मोठ्या लाटेत वर फेकली असावी. त्सुनामी.

तुम्ही म्हणाल, वाळू ती वाळू, वाऱ्याने आणली की लाटेने हे ओळखायचं कसं? ओळखता येतं, आणि ते तुम्हीही करून बघू शकता. वारा नाजूक कामाचा. त्याला उचलतील असे बारीक, जवळजवळ एकाच मापाचे कणच तो वर नेतो. भिंगाखाली चिमूटभर वाळू धरलीत आणि सगळे कण एकसारखे दिसले तर ती बहुधा वाऱ्याची. लाटेला निवड करायला सवड नसते. ती जाड, बारीक, शिंपले, खडे, चिखलाचे गोळे असं हाती लागेल ते एकदम आणून टाकते. म्हणून गाळाचे थर उघडे पडलेले असतात तिथं शास्त्रज्ञ तासन्‌तास नुसते बघत उभे राहतात.

इथं एक जुनी नोंद जुळते. सप्टेंबर १५२४ मध्ये वास्को द गामाचं आरमार दाभोळच्या जवळपास समुद्रात होतं. वारा नसताना समुद्र एकाएकी उसळला, जहाजं हेलकावू लागली आणि माणसं भ्याली, असं पोर्तुगीजांनी लिहून ठेवलंय. दाभोळ म्हणजे केळशीच्या दक्षिणेला, दापोली तालुक्यातच. २०२१ मध्ये सी. पी. राजेंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळशीच्या खाडीकाठी गाळात सापडलेला वाळूचा एक थर अभ्यासून त्याचं नातं १५२४ च्या त्या घटनेशी जोडलं. लाटेचं मूळ त्यांनी मकरानच्या किनाऱ्यासमोर दाखवलं, म्हणजे आजच्या पाकिस्तान आणि इराणच्या दक्षिणेला, जिथं समुद्रतळाचा एक तुकडा दुसऱ्याखाली सरकतो. तिथं भूकंप होतात हे आपण नंतरही पाहिलंय. २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरानला मोठा भूकंप झाला आणि त्याची लाट मुंबईपर्यंत आली, माणसं वाहून गेली. म्हणजे बघा, पोर्तुगीजांच्या नोंदीतली एक ओळ आणि खाडीकाठचा वाळूचा थर एकमेकांची साक्ष देतात. टेकडी खरवडू नका, तिथली एकही खापरी खिशात घालू नका. कुठल्या थरात ती होती यातच तिची सगळी किंमत असते. खिशात गेली की ती मुकी होते.

संध्याकाळी काळोख झाल्यावर थोडा वेळ पाण्याकडे बघत बसा. वद्य तृतीयेला चंद्र उगवायला साडेआठ-नऊ वाजतात. तोवरच्या अंधारात फुटणारी लाट कधीकधी निळी उजळते. एका पेशीचे कोट्यवधी जीव पाण्यात असतात, हलवलं की चमकतात. दिसेलच असं नाही.

आणि वेळास. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी हिवाळ्यात रात्रीच्या भरतीबरोबर किनाऱ्यावर येते, भरतीच्या रेषेच्या वर, टेकडीच्या पायथ्याशी कोरड्या वाळूत मागच्या पायांनी दीड फूट खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पिल्लांचं तोंडही ती बघत नाही. अंडी उबवते वाळू. ४५ ते ६० दिवसांत पिल्लं होतात, आणि मुलगा की मुलगी हे वाळूची ऊब ठरवते. वाळू जास्त गरम राहिली तर माद्या जास्त, गार राहिली तर नर जास्त. पृथ्वी तापतेय म्हणतात त्याची काळजी कासवांच्या अभ्यासकांना एवढी का, ते आता कळलं ना? नुसत्याच माद्या झाल्या तर पुढची अंडी फळणार कशी?

पूर्वी ही अंडी माणसं आणि कोल्हेकुत्री उकरून नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, वेळासच्या गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणाच्या आत तितक्याच खोल पुन्हा पुरतात, दिवस मोजतात, आणि पिल्लं वर आली की सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर सोडतात. तळहाताहून लहान पिल्लू उजेडाकडे धावतं. अंधारात क्षितिजाचा सगळ्यात उजळ भाग समुद्राचा असतो, लाखो वर्षं हा नियम पक्का होता. आता किनाऱ्यावर दिवे आले आणि पिल्लं उलट दिशेने गावाकडे वळू लागली. म्हणून तिथं बॅटरी नाही, मोबाइलचा लख्ख उजेड नाही. आंजर्ल्यालाही असंच काम चालतं. पिल्लं कोणत्या दिवशी निघतील ते कासवं ठरवतात. जाण्याआधी गावात विचारून घ्या, आणि नाही दिसली तरी रुसू नका.

एका कासविणीची हकीकत सांगतो. १८ मार्च २०२१ ला ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायाला शास्त्रज्ञांनी धातूची पट्टी लावली. आकडा ०३२३३. २७ जानेवारी २०२५ ला तीच पट्टी ल्यालेली मादी कुठं सापडली ठाऊक आहे? आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागरच्या वाळूत, अंडी घालताना. १२० अंडी, त्यातून १०७ पिल्लं निघाली. पूर्वेच्या किनाऱ्यावरून पश्चिमेच्या किनाऱ्यावर, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी, असं जाणकारही धरून चालले होते. तिने भारताच्या दक्षिण टोकाला वळसा घातला, आणि त्याआधी ती त्याच बंगालच्या उपसागरात होती जिथं आपली गोदावरी गंगाखेडची वाळू नेऊन टाकते. सह्याद्रीने नदीला पश्चिमेचा समुद्र नाकारला. कासविणीला कोणी अडवलं नाही.

तर लेकरांनो, वहीत एवढं लिहून घ्या. माघ वद्य द्वितीयेला सकाळी पावणेसातला केळशीच्या वाळूवर उभं राहायचं. टोपी, पाण्याची बाटली, भिंग, चुंबक, वही. चालायचं ते भरतीच्या रेषेच्या खालून, ओल्या वाळूवरून, म्हणजे पायही दुखत नाहीत आणि वर पुरलेली अंडीही तुडवली जात नाहीत. टेकडीवर चढायला गावाने पाडलेली पायवाट असेल तीच धरायची. मर्यादवेल उपटायची नाही, रावणाच्या मिशांचा गोळा घरी आणायचा नाही, त्याला गडगडत जाऊ द्यायचं. आणि तुमचा मामा गाडी घेऊन येणार असेल तर त्याला माझा निरोप सांगा, गाडी वाळूवर घालायची नाही. किनाऱ्यावर गाडी फिरवून फोटो काढायचं खूळ आलंय, त्या चाकांखाली गोळ्या करणाऱ्या खेकड्यांची बिळं दबतात, वेल तुटते, घरटं असलं तर तेही जातं. गाडी गावात लावा आणि चपला हातात घ्या.